इन्फ्रारेड फोटोग्राफीसाठी कॅमेरा निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इन्फ्रारेडसाठी कोणता कॅमेरा घेऊ, असं कुणी विचारलं की मी उत्तर उलट्या टोकाकडून सुरू करते. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश टिपायचा ते आधी ठरवा, मग लेन्स तपासा, बॉडी शेवटी. नेहमीच्या फोटोग्राफीत चर्चा बॉडीपासून सुरू होते, म्हणून इथेही बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. मग हौसेनं कन्व्हर्ट करून, म्हणजे आतला फिल्टर इन्फ्रारेडसाठी बदलून, आणलेल्या चांगल्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत मधोमध एक पांढुरका डाग दिसायला लागतो. तो डाग आधी टाळता येतो. म्हणूनच हे सगळं इतकं सविस्तर लिहिलं आहे.

इन्फ्रारेड कॅमेरा उष्णता टिपतो का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. उष्णता दाखवणारे थर्मल कॅमेरे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरच्या तरंगलांबीवर काम करतात. त्यांचे सेन्सर वेगळे, आणि लेन्स तर काचेच्याही नसतात. आपण ज्याबद्दल बोलतोय तो प्रकाश दिसणाऱ्या लाल रंगाच्या अगदी शेजारचा, साधारण ७०० ते ११०० नॅनोमीटरचा आहे. विल्यम हर्शेलनं १८०० मध्ये प्रिझममधून पडलेल्या रंगपट्ट्याच्या लाल टोकाबाहेर तापमापी ठेवली आणि तिथेही पारा चढलेला पाहिला. ती अदृश्य पट्टी म्हणजे हा प्रकाश. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉन सेन्सरला तो ११०० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत दिसतो.

मग झाडं पांढरी का येतात?

पानातलं हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषून घेतं. ७०० नॅनोमीटर ओलांडलं की त्याचं शोषण जवळजवळ थांबतं. तिथून पुढचा प्रकाश पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधली हवेची पोकळी यांच्यात इकडून तिकडे आदळत बाहेर फेकला जातो. म्हणजे पांढरेपणा हरितद्रव्यामुळे येत नाही, पानाच्या रचनेमुळे येतो. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञानं १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, म्हणून याला वुड इफेक्ट म्हणतात. लाकडाशी त्याचा काही संबंध नाही.

माझ्याकडचा एक फोटो मी नवशिक्यांना नेहमी दाखवते. हिरवा रंग दिलेलं लोखंडी फाटक आणि त्यावर चढलेला वेल. डोळ्यांना दोन्ही हिरवे, इतके सारखे की दुपारच्या उन्हात वेल पटकन वेगळा कळतही नव्हता. फोटोत फाटक काळपट करडं आलं, आणि वेलाचं एकेक पान त्यावर चुना लावल्यासारखं पांढरं. कोवळी पानं आणि जून पानं यांच्या पांढऱ्यातही फरक होता. डोळ्यांना एकच वाटणाऱ्या दोन हिरव्यांमधला हा फरक पाहूनच मला या प्रकाराचं वेड लागलं.

आहे त्याच कॅमेऱ्यावर काम भागेल का?

सुरुवातीला हो. जवळजवळ प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बसवलेला असतो, पण तो शंभर टक्के अडवत नाही. किती गळतं हे पाहायचं असेल तर टीव्हीचा रिमोट घ्या, त्याचा दिवा लेन्सकडे रोखा, बटण दाबून ठेवा आणि स्क्रीनवर बघा. हे दिवे बहुतेक वेळा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचे असतात. दिवा ठळक चमकला तर तुमचा कॅमेरा बऱ्यापैकी इन्फ्रारेड आत घेतो. मिणमिणता दिसला किंवा दिसलाच नाही, तर फिल्टर कडक आहे.

मग लेन्सवर होया आर७२ सारखा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावायचा. तो डोळ्यांना जवळजवळ काळा दिसतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्रेम आणि फोकस फिल्टर लावण्याआधी ठरवलेले, आणि भर उन्हातही काही सेकंदांचं, कधी अर्ध्या मिनिटाचं एक्सपोजर. माझे पहिले कितीतरी फोटो असेच काढलेले आहेत. त्यातला एक अजून ठेवला आहे: वीस सेकंदांचं एक्सपोजर, मधेच वाऱ्याची झुळूक आली आणि झाडाची सगळी पानं पिंजलेल्या कापसासारखी झाली. खोड मात्र धारदार. तो फोटो मला आवडतो, पण दर वेळी वारा पडण्याची वाट पाहत उभं राहणं किती दिवस जमेल? हातात धरून, माणसांचे, हलणाऱ्या ढगांचे फोटो हवे असतील तर कन्व्हर्जनला पर्याय नाही. तरीही एक फिल्टर घेऊन दोन-तीन महिने असं काम करूनच पुढे जा. हा प्रकाश आपल्याला खरंच आवडतो का ते तेवढ्यात कळतं.

कन्व्हर्जन करताना नेमकं काय करतात?

कॅमेरा उघडून सेन्सरपुढचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढतात आणि त्या जागी दुसरी काच बसवतात. ती काच एक तर फक्त ठरावीक तरंगलांबीपुढचा प्रकाश सोडणारी असते, नाही तर पूर्ण पारदर्शक. दुसऱ्या प्रकाराला फुल स्पेक्ट्रम म्हणतात.

इथे काचेची जाडी फार महत्त्वाची. काचेतून जाताना प्रकाश वाकतो आणि फोकस काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकतो. मूळ फिल्टर २ मिलिमीटरचा असेल आणि तो काढून काहीच बसवलं नाही, तर फोकस जवळजवळ ०.७ मिलिमीटरनं चुकतो. काही लेन्स मग अनंतावर फोकसच करू शकत नाहीत. म्हणून कन्व्हर्जन करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: बसवणार ती काच मूळ फिल्टरच्या प्रकाशीय जाडीची आहे का?

५९०, ६६५, ७२०, ८५०: यातलं काय घ्यावं?

हा आकडा म्हणजे प्रकाश कुठपासून आत सोडायचा ती सीमा. तुमचे फोटो कसे दिसतील हे बॉडीपेक्षा या आकड्यावर जास्त ठरतं, म्हणून याला वेळ द्या.

७२० ला मी मधली वाट म्हणते. आत येणारा प्रकाश बहुतेक इन्फ्रारेडच असतो, पण दिसणाऱ्या लालची एक कडा शिल्लक राहते. सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे ठिपके त्या कडेला वेगवेगळा प्रतिसाद देतात, त्यामुळे थोडा रंग मिळतो. एडिटिंगमध्ये लाल आणि निळ्या चॅनलची, म्हणजे फोटोतल्या त्या दोन रंगांच्या माहितीची, अदलाबदल केली की आकाश निळं आणि झाडं फिकट पांढरी किंवा किंचित पिवळसर दिसतात. कृष्णधवलही उत्तम होतं. एकच घ्यायचं असेल आणि मन ठरत नसेल, तर ७२० घेणाऱ्याला पस्तावलेलं मी फारसं पाहिलं नाही.

६६५ आणि ५९० मध्ये दिसणारा लाल, आणि ५९० मध्ये केशरीसुद्धा, बराच आत येतो. रंग भडक होतात. चॅनल बदलल्यावर ५९० वर सोनेरी झाडं आणि गडद निळं आकाश मिळतं. पण त्याच फोटोंचं कृष्णधवल केलं तर पानांचा पांढरेपणा आणि आकाशाचा काळेपणा ७२० इतका जोरकस येत नाही.

८५० किंवा ८३० हा फक्त कृष्णधवलवाल्यांचा प्रदेश. ८०० नॅनोमीटरच्या पुढे सेन्सरवरचे तिन्ही रंगांचे ठिपके जवळजवळ सारखेच पारदर्शक होतात, त्यामुळे रंग उरतच नाही. याचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. ७२० ला मुख्य काम लाल ठिपके करतात, आणि ते एकूण ठिपक्यांच्या एक चतुर्थांशच असतात. ८५० ला सगळे ठिपके सारखा हातभार लावतात, त्यामुळे बारीक तपशील स्वच्छ मिळतो. आकाश जवळजवळ काळं होतं, कारण हवेत विखुरणारा प्रकाश तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. मला स्वतःला कृष्णधवलच आवडतं, म्हणून माझा कॅमेरा ८३० चा आहे. मी तो विचार करून घेतला, पण माझ्याकडे पाहून तुम्ही तो घेऊ नका. रंग पुन्हा मिळवायचा रस्ता त्यात नाही.

एक नियम लक्षात ठेवा. आत बसवलेल्या काचेपेक्षा मोठ्या आकड्याचा फिल्टर लेन्सवर लावून पुढे जाता येतं, मागे येता येत नाही. ५९० च्या कॅमेऱ्यावर ७२० चा फिल्टर लावता येतो. ७२० च्या कॅमेऱ्यावर ५९० लावून काहीच बदलत नाही.

मग सरळ फुल स्पेक्ट्रमच का घेऊ नये?

घ्या, पण त्याचा रोजचा व्याप समजून घ्या. प्रत्येक लेन्सवर प्रत्येक वेळी फिल्टर लावावा लागतो. डीएसएलआर, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणारा कॅमेरा, असेल तर ७२० चा फिल्टर लावल्यावर व्ह्यूफाइंडर काळाठिक्कर, कारण तुमचा डोळा त्या फिल्टरमधून पाहू शकत नाही. फुल स्पेक्ट्रम खऱ्या अर्थानं मिररलेसवरच, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावरच, सोयीचं पडतं. लेन्सच्या तोंडांचे व्यास वेगवेगळे असतील तर सगळ्यांत मोठ्या व्यासाचे फिल्टर घ्या आणि लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी स्टेप-अप रिंग वापरा.

ज्यांना कोडॅकच्या एरोक्रोम या रंगीत इन्फ्रारेड फिल्मसारखी लाल-गुलाबी झाडं एका क्लिकमध्ये हवी आहेत, त्यांच्यासाठीही खास फिल्टर मिळतात. ते दिसणारा काही प्रकाश आणि इन्फ्रारेड दोन्ही सोडतात, त्यामुळे त्यांना फुल स्पेक्ट्रम बॉडीच लागते.

डीएसएलआर की मिररलेस?

आज नव्यानं सुरुवात करत असाल तर मिररलेस. कारण फॅशनचं नाही, फोकसचं आहे.

लेन्समधून जाताना इन्फ्रारेडचा फोकस दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा थोडा वेगळ्या जागी पडतो. जुन्या मॅन्युअल लेन्सवर फोकसच्या रेषेशेजारी एक लाल ठिपका किंवा लाल रेघ असायची, ती यासाठीच. डीएसएलआरमध्ये फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा असतो आणि तो आरशावरून आलेल्या दिसणाऱ्या प्रकाशावर काम करतो. त्यामुळे कॅमेरा ‘फोकस झाला’ म्हणतो आणि इन्फ्रारेड फोटो मऊ येतो. कन्व्हर्जन करणारे हा फरक जुळवून देतात, पण तो सहसा एखाद्या लेन्ससाठी जुळतो. दुसरी लावली की पुन्हा चुकण्याची शक्यता. झूममध्ये तर फोकल लेंग्थ बदलली तरी फरक बदलतो.

मिररलेसमध्ये फोटो काढणाराच सेन्सर फोकस ठरवतो, आणि तोही त्याच इन्फ्रारेड प्रकाशात. हा प्रश्नच निकालात निघतो. शिवाय व्ह्यूफाइंडरमध्ये अंतिम चित्र दिसतं. कॅमेरा कृष्णधवल मोडवर ठेवून पांढऱ्या झाडांमधून चालत जाणं हा या छंदातला मोठा आनंद आहे. डीएसएलआरच्या आरशातून तुम्हाला तेच नेहमीचं हिरवं झाड दिसतं.

एक्सपोजरचंही तसंच. डीएसएलआरचा मीटर दिसणारा प्रकाश मोजतो. दृश्यात इन्फ्रारेड किती आहे याचा त्याला पत्ता नसतो, आणि ते प्रमाण ऊन, ढग, दिवसाची वेळ यांप्रमाणे बदलतं. जुना डीएसएलआर हाताशी असेल तर तो टाकून देऊ नका, लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, काम करा. तेव्हा तोही सेन्सरवरूनच फोकस आणि मोजमाप करतो.

मिररलेसचे दोन दोषही सांगते. काही मॉडेलमध्ये शटरवर लक्ष ठेवायला आत एक छोटा इन्फ्रारेड दिवा असतो. मूळ फिल्टर असताना तो कळत नाही, पण कन्व्हर्ट केल्यावर लांब एक्सपोजरमध्ये कोपऱ्यात धूसर उजेड पसरतो. दुसरं, सेन्सरवरच्या फोकस ठिपक्यांमुळे काही मॉडेलमध्ये उन्हाच्या दिशेनं घेतलेल्या फोटोंत बारीक पट्टे किंवा जाळी उमटते. म्हणून ज्या मॉडेलवर डोळा आहे, त्याच मॉडेलच्या कन्व्हर्ट केलेल्या कॅमेऱ्याचे नमुना फोटो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

हॉटस्पॉट म्हणजे काय? लेन्स आधी तपासायची ती यासाठीच का?

हो. सुरुवातीला म्हटलं तो डाग म्हणजेच हॉटस्पॉट: फोटोच्या मध्यभागी फिकट, गोल उजेड. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं पात्यांचं छिद्र, जितकं बारीक (एफचा आकडा जितका मोठा) कराल तितका तो लहान आणि ठळक होतो, कधी पात्यांच्या आकाराचा बहुकोनसुद्धा दिसतो.

लेन्सच्या भिंगांवरचे लेप परावर्तन कमी करतात, पण ते दिसणाऱ्या प्रकाशासाठी बनवलेले असतात. इन्फ्रारेडमध्ये तेच भिंग बरंच जास्त परावर्तन करतं. लेन्सच्या नळीला आतून दिलेला काळा रंगही इन्फ्रारेडमध्ये काळा असेलच असं नाही. सेन्सरवरून परत फिरलेला प्रकाश या सगळ्यांत आपटत पुन्हा मधोमध गोळा होतो. लेन्स महाग की स्वस्त, धारदार की मऊ, याचा इथे संबंध नाही. एरवी जिची सगळे वाखाणणी करतात अशी माझी एक प्राइम (झूम नसलेली) लेन्स इन्फ्रारेडमध्ये एफ/५.६ नंतर उपयोगाची नाही, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेला साधा किट झूम एफ/११ पर्यंत स्वच्छ आहे. एकाच लेन्सच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीतही फरक पडतो, कारण लेप बदललेले असतात.

तपासणी सोपी आहे. एकसारख्या उजेडातली साधी भिंत किंवा नितळ आकाश घ्या. एफ/४ पासून एफ/१६ पर्यंत एकेक पायरी उतरत फोटो काढा. झूम असेल तर दोन्ही टोकांना आणि मध्ये हेच पुन्हा करा. मग फोटो कॉम्प्युटरवर उघडून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा. डाग असेल तर लपून राहणार नाही. कन्व्हर्ट न केलेल्या कॅमेऱ्यावर ७२० चा फिल्टर लावूनही ही तपासणी बऱ्यापैकी होते. म्हणजे बॉडी पाठवण्याआधीच आपल्याकडच्या कोणत्या लेन्स कामाच्या ते कळू शकतं.

सौम्य डाग कृष्णधवलमध्ये एडिटिंगनं झाकता येतो. रंगीत फोटोत अवघड जातं, कारण तो नुसता उजळ नसतो, त्याची रंगछटाही वेगळी असते. लेन्स हूड नेहमी लावा. समोरून किंवा बाजूनं येणारं ऊन लेन्सवर पडलं की डाग वाढतो.

सेन्सर केवढा आणि मेगापिक्सेल किती असावेत?

यावर फार डोकं शिणवू नका. मात्र एक हिशेब माहीत असावा. बारीक ॲपर्चरमधून प्रकाश पसरतो, आणि तरंगलांबी जितकी मोठी तितका जास्त पसरतो. एफ/८ ला हिरव्या प्रकाशाचा, म्हणजे ५५० नॅनोमीटरचा, एक ठिपका सेन्सरवर साधारण ११ मायक्रोमीटरचा होतो. ८५० नॅनोमीटरला तोच साधारण १७ मायक्रोमीटरचा. म्हणजे इन्फ्रारेडमध्ये एफ/८ वर काम करणं हे नेहमीच्या फोटोतल्या एफ/१२ वर काम करण्यासारखं आहे. लहान सेन्सरवर खच्चून भरलेले मेगापिक्सेल इथे वाया जातात. एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स या मधल्या आकाराच्या सेन्सरवर १६ ते २४ मेगापिक्सेल पुष्कळ झाले. एफ/८ च्या पलीकडे गरज असेल तरच जा. हॉटस्पॉटही त्याच सुमारास डोकं वर काढतो.

इन्फ्रारेडसाठीच बनवलेले कॅमेरे मिळतात का?

मोजके निघाले. फुजीफिल्मनं २००६ मध्ये एस३ प्रो यूव्हीआयआर, २००७ मध्ये आयएस प्रो आणि २०१५ मध्ये एक्स-टी१ आयआर आणला, पण ते मुख्यतः गुन्हे तपास, वैद्यक आणि संशोधन अशा कामांसाठी होते. सिग्माच्या एसडी१४ पासून एसडी क्वाट्रोपर्यंतच्या कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर हातानं काढता येतो. काढला की इन्फ्रारेड, बसवला की नेहमीचा कॅमेरा. कल्पना फार सुंदर आहे, पण लेन्सचा माउंट (बॉडीवर लेन्स बसते तो सांधा) त्यांचा स्वतःचा आणि कामाचा वेग संथ.

जुन्यांपैकी निकॉन डी७० चा फिल्टर सैल होता, त्यामुळे कन्व्हर्ट न करताही त्यावर इन्फ्रारेड बऱ्यापैकी निघायचं. २००६ चा लायका एम८ तर इतका संवेदनशील होता की काळे कृत्रिम कपडे जांभळट यायचे, आणि कंपनीनं ग्राहकांना लेन्सवर लावायला इन्फ्रारेड अडवणारे फिल्टर दिले. इन्फ्रारेडवाल्यांनी मात्र तो याच दोषासाठी शोधून शोधून घेतला. सोनीच्या एफ७०७, एफ७१७ आणि एफ८२८ मध्ये नाइटशॉट नावाची सोय होती. त्यात आतला फिल्टर बाजूला सरकायचा, पण शटरचा वेग कमी ठेवण्याचं बंधन असल्यामुळे दिवसा ते फोटो पांढरेफटक पडायचे आणि एकूण प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर जोडावा लागायचा.

खगोल फोटोग्राफीचे खास कॅमेरे चालतील का?

कॅनन ६०डीए, ईओएस आरए, निकॉन डी८१०ए हे कॅमेरे हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश जास्त आत घेतात. तो दिसणाऱ्या लालमध्येच येतो. त्यापुढचा इन्फ्रारेड हे कॅमेरे अडवतातच. आपल्या कामासाठी नकोत.

वापरलेला कॅमेरा घेऊन कन्व्हर्ट करावा की नवा?

वापरलेला, आणि शक्य असेल तर तुमच्या सध्याच्या माउंटचा. तुमच्या मुख्य कॅमेऱ्याच्या लेन्स त्यावर बसतील, बॅटरी एकच चालेल, बटणं बोटांना ओळखीची असतील. दोन-तीन पिढ्या जुनी मिररलेस बॉडी या कामाला अगदी योग्य. वेगवान ट्रॅकिंग, भलामोठा बर्स्ट, व्हिडिओतले नवे प्रकार यांचा इथे उपयोग नाही. घेताना शटर किती वेळा चाललं आहे ते पाहा, सेन्सरवर ओरखडा नाही याची खात्री करा, आणि त्या मॉडेलचं कन्व्हर्जन लोक करतात का ते आधी विचारा. सेन्सर हलवून कंप रोखणाऱ्या बॉडींचं कन्व्हर्जन जास्त किचकट असतं. सेन्सरवरची धूळ झटकणारी यंत्रणा काही मॉडेलमध्ये मूळ फिल्टरबरोबरच निघून जाते, तेही विचारून घ्या.

घरी स्वतः कन्व्हर्ट करू का?

शक्यतो नको. अंगचा फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो आणि जोरदार झटका देतो. त्यातून वाचलात तरी काच आणि सेन्सर यांच्यात धुळीचा एक कण अडकला की तो प्रत्येक फोटोत दिसणार.

फोटो पूर्ण लाल येतात. कॅमेरा बिघडला का?

नाही, व्हाइट बॅलन्स (पांढरं म्हणजे काय हे कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग) ठरवायचा राहिला आहे. उन्हातल्या हिरव्या गवतावर कॅमेरा रोखून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. गवत करडं-पांढरं झालं की बाकी सगळं जागेवर येतं. काही कॅमेरे इतका टोकाचा रंग स्वीकारत नाहीत आणि चूक दाखवतात, म्हणून बॉडी निवडताना हेही तपासा. फोटो नेहमी रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये, काढा. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमधली रंग-तापमानाची पट्टी २००० केल्विनच्या खाली जात नाही, आणि इन्फ्रारेडला त्याहून खाली जावं लागतं, त्यामुळे तिथेही फोटो लालच राहतो. ॲडोबीच्या मोफत डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये आपल्या कॅमेऱ्याचं एक प्रोफाइल एकदा बनवलं की ही अडचण कायमची सुटते. एकूण उजेडाच्या आलेखावर विसंबू नका, लाल चॅनलचा आलेख वेगळा पाहा. जास्त उजेडानं आधी तपशील हरवतो तो लाल.

स्टुडिओत किंवा घरात इन्फ्रारेड जमेल का?

पांढऱ्या एलईडी दिव्यांत इन्फ्रारेड जवळजवळ नसतं, त्यामुळे खोली लख्ख दिसली तरी फोटो काळा येतो. जुने तारेचे बल्ब आणि हॅलोजन मात्र भरपूर देतात. फ्लॅशमधूनही पुरेसं निघतं. पोर्ट्रेटमध्ये त्वचा गुळगुळीत, दुधाळ येते, डोळे गडद होतात आणि गोऱ्या त्वचेखालच्या शिरा उमटतात. फोटो काढून घेणाऱ्याला हे आधी दाखवावं.

कपड्यांच्या आरपार दिसतं असं ऐकलं, खरं का?

काही पातळ कृत्रिम कापडं इन्फ्रारेडमध्ये थोडी पारदर्शक होतात, हे खरं आहे. म्हणूनच माणसांचे इन्फ्रारेड फोटो त्यांना सांगून, त्यांच्या संमतीनं काढावेत, आणि तसं काही दिसलं तर फोटो पुसून टाकावा. यात दुसरा विचार नको.

फिल्म अजून मिळते का?

कोडॅकची एचआयई ही सगळ्यांत लाडकी इन्फ्रारेड फिल्म २००७ मध्ये बंद झाली. तिच्या फोटोंत उजळ भागांभोवती जे तेजोवलय दिसायचं, ते इन्फ्रारेडमुळे नव्हे, फिल्मच्या पाठीवर परावर्तन रोखणारा थर नसल्यामुळे. आजच्या रोलाय इन्फ्रारेड ४०० आणि इलफोर्ड एसएफएक्स २०० यांची पोच कमी आहे. एसएफएक्स साधारण ७४० नॅनोमीटरपर्यंतच पाहते, त्यामुळे तिच्यावर ८५० चा फिल्टर लावला तर कोरी फ्रेम मिळेल. कॅमेरा निवडताना एवढंच पाहा: काही ऑटोमॅटिक फिल्म कॅमेऱ्यांत फ्रेम मोजायला आत इन्फ्रारेड दिवा असतो आणि तो फिल्मची कड धुरकट करतो. पूर्ण यांत्रिक, लेन्सवर लाल खूण असलेला जुना कॅमेरा इथे सगळ्यांत भरवशाचा.

कन्व्हर्ट करायला पाठवताना काय लिहून द्यावं?

तरंगलांबीचा आकडा स्पष्ट लिहा. ‘इन्फ्रारेड करा’ एवढंच लिहू नका. काचेची जाडी मूळ फिल्टरशी जुळवा, असं लिहा. डीएसएलआर असेल तर तुमची रोजची लेन्स सोबत पाठवा आणि फोकस तिच्यावर जुळवायला सांगा. मूळ फिल्टर परत मागा, कारण उद्या कॅमेरा पूर्ववत करावासा वाटला तर तोच लागेल. परत आल्यावर एफ/१६ ला नितळ आकाशाचा एक फोटो काढून सेन्सरवर धूळ अडकली नाही ना ते त्याच दिवशी पाहा, आणि दूरच्या क्षितिजावर फोकस करून अनंत जुळतं का तेही. एकदा मी ही तपासणी तीन आठवडे लांबवली, आणि धुळीचा एक कण माझा की त्यांचा, हे ठरवायला कुणालाच जमलं नाही.